मनाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना: ठाणे आणि नवी मुंबईतल्या तरुण मुलामुलींसाठी

"ठाण्याला असता? आत की बाहेर?" हा विनोद ज्याने ऐकला नाही असा ठाणेकर सापडणं कठीण. मनोरुग्णालयावरचा हा शेरा इतका गुळगुळीत झालाय की आपणही हसून विषय बदलतो. पण त्याचा एक खरा तोटा होतो. महिनाभर धड न झोपलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला "डॉक्टरांना दाखवून ये" म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आधी ती दगडी भिंत येते. मग ती म्हणते, "मॅडम, एवढं काही नाहीये."

मी ऐरोलीच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. मुलं हजेरीचं काहीतरी निमित्त काढून येतात आणि बोलता बोलता दुसरंच बोलून जातात. त्यांच्यापैकी काहींबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसायची वेळ आली, त्यातून जमलेली ही माहिती. आपल्या भागात डॉक्टर आहेत, सरकारी सोय आहे, फोनवरची मदत आहे. घोडं अडतं ते कुठल्या दारातून शिरायचं आणि आत गेल्यावर काय होतं हे ठाऊक नसल्यामुळे. शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावाहून येऊन कोपरखैरणे-घणसोलीत पीजीत राहणाऱ्यांना तर फॅमिली डॉक्टरही नसतो.

थांबायचं नाही अशी वेळ

ही गोष्ट शेवटी लिहितात, मी आधी लिहिते. स्वतःला इजा करावी, जगू नये असे विचार वारंवार येत असतील, किंवा मित्र-मैत्रीण तसं बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, तिथे रात्री तीन वाजताही डॉक्टर असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२. वाटेत किंवा घरी थांबलेले असताना बोलायला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मैत्रिणीला सरळ विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" तर त्यामुळे ते विचार तिच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बरीच जणं बोलती होतात.

कोणी स्वतःला इजा करून घेतलीच असेल तर "पोलीस केस होईल" म्हणून घरी लपवून ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, आणि तिला उपचार देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करेल, एखादा हवालदार जबाब घ्यायला येईल. तेवढ्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही.

आवाज ऐकू येणं, सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटणं, चार-चार रात्री न झोपताही अंगात भलताच उत्साह असणं आणि पैसे उधळणं, खाणंपिणं सोडून देणं, ही लक्षणंही "बघू परीक्षेनंतर" म्हणायची नव्हेत. त्याच आठवड्यात दाखवा.

जायला हवं का, हे कसं ओळखायचं

परीक्षेचं टेन्शन परीक्षेबरोबर जातं. ब्रेकअपनंतरचं रडू हळूहळू ओसरतं. जे ओसरत नाही त्याकडे बघा. साधारण दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास किंवा घाबरलेलं आहे आणि त्यामुळे रोजची कामं अडतायत: झोप, जेवण, अंघोळ, लेक्चर, कामावर जाणं, आलेल्या मेसेजला उत्तर देणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या असतील तर तेवढं कारण पुरे. अगदी कोलमडेपर्यंत थांबायची अट कुणीच घातलेली नाही.

"माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली लोकं आहेत" हे वाक्य माझ्या समोर फार येतं. असतील ना. त्यांनीही जावं.

काहींचं दुखणं शरीरातून बोलतं. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत अचानक छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरणार असं वाटतं आणि मुलगा मधल्याच स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहतो. ईसीजी काढला तर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात गॅस असेल. पहिल्यांदा ईसीजी काढणं बरोबरच आहे, तो काढाच. पण तो दोनदा नॉर्मल येऊनही त्रास परत परत होत असेल तर पॅनिक अ‍ॅटॅकचा विचार करायला हवा, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

आपण एकटे आहोत असं वाटतं तेव्हा सांगायला एक आकडा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार.

कोण काय करतं

सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. या यादीत औषध फक्त हाच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो आणि बोलून करायचे उपचार देतो, म्हणजे थेरपी. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. यात मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं काम केलेली उत्तम माणसंही आहेत आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलीही. तेव्हा शिक्षण काय आणि कुठून केलं हे विचारायला लाजू नका. चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही. इन्स्टाग्रामवरचे "माइंडसेट कोच" या यादीत मी धरलेले नाहीत, आणि तुम्हीही धरू नका.

आधी कुणाकडे? झोप-भूक पार बिघडली असेल, वर सांगितलेल्यांपैकी धोक्याचं लक्षण असेल किंवा नशेचा प्रश्न असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे. घरातली भांडणं, अभ्यास, नातं, करिअर अशा गुंत्यात अडकून ताण आला असेल तर समुपदेशकापासून सुरुवात चालेल. कळतच नसेल तर डॉक्टर आधी. तो थेरपीकडे पाठवू शकतो. उलट दिशेने पाठवायचं तर समुपदेशक तेवढा तयारीचा असावा लागतो, आणि ते दरवेळी घडत नाही.

दारं

सगळ्यात जवळचं दार खिशात आहे. टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लागला नाही तर १८००-८९१-४४१६. फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळचं रुग्णालय सांगतो. घरच्या माणसासाठी किंवा रूममेटसाठीही फोन करता येतो. अठराखालच्या मुलांसाठी १०९८ आहेच.

फोन करायचा कुठून, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. वन-बीएचकेत पाच माणसं, गच्चीला सोसायटीने कुलूप घातलेलं, पीजीत एका खोलीत तिघी. मुलं सांगतात त्या जागा अशा: कॉलेजची रिकामी वर्गखोली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली बाबांची गाडी, दुपारच्या वेळी उपवन तलावाकडचा एखादा बाक, नवी मुंबईत सेक्टरच्या बागा. इअरफोन लावा. समोरच्याला सुरुवातीलाच सांगा, "मध्येच कोणी आलं तर मी फोन ठेवीन, परत लावीन." त्यांना हे नवीन नसतं.

समोरासमोर जायचं तर महापालिकेपासून सुरुवात करा. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, त्याला महापालिकेचंच राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. नवी मुंबईत महापालिकेची मोठी रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला. मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी, किती वाजता हे बदलत असतं, म्हणून आधी फोन करा किंवा चौकशी खिडकीवर विचारून या. खासगी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं हा फारसा कुणाला न सुचणारा पर्याय. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम. शिकाऊ डॉक्टर आधी सविस्तर माहिती घेतात, मग वरिष्ठ बघतात. वेळ जातो, पण ऐकून घ्यायला माणूस असतो. खासगी दवाखान्यात दहा मिनिटं मिळतात, तिथे कधी कधी पाऊण तास.

ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, राज्य सरकारचं. पुनर्बांधणी निघाल्यापासून तिथले विभाग हलवलेले आहेत, त्यामुळे कुठला विभाग कुठे बसतो हे विचारूनच निघा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून खास क्लिनिक सुरू झाली, आपल्याकडे त्यांना 'मैत्री' म्हणतात. पाळी, शरीर, ताण, व्यसन, सगळं तिथे बोलता येतं.

आणि मग ते, विनोदातलं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये जे नवं स्टेशन होतंय ते याच रुग्णालयाच्या जागेतल्या एका तुकड्यावर. इथे बाह्यरुग्ण विभाग आहे. म्हणजे केस पेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषधं घ्यायची आणि रिक्षा पकडून घरी. तिथे गेला म्हणजे आत ठेवतात ही समजूत डोक्यातून काढा. सज्ञान माणूस स्वतःहून भरती झाला तर स्वतःहून सुट्टीही मागू शकतो. तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर भरतीचे नियम वेगळे आहेत आणि तेही कायद्याने बांधलेले. शॉकचं म्हणाल तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो उपचार करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अठराखालच्या मुलांना पालकांची संमती व मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आगाऊ परवानगी असल्याशिवाय नाहीच.

समुपदेशनासाठी ठाण्यातलं जुनं नाव आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल मराठीत आहे. मनाच्या दुखण्यावर घरात कुणाशी बोलायचंय पण शब्द सुचत नाहीत, अशा वेळी आई-बाबांना त्यातला एखादा व्हिडिओ पाठवणं हा सोपा उपाय आहे.

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांनी एचआरच्या मेल्समध्ये 'ईएपी', म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची समुपदेशनाची सोय, शोधावं. अनेक कंपन्या ठरावीक सेशन्सचे पैसे भरतात, आणि हे सेशन बाहेरची संस्था घेते. कॉलेजात समुपदेशक असेल तर आधी विचारा, "मी सांगितलेलं तुम्ही एचओडींना सांगता का?" उत्तर देताना चाचरले तर बाहेरचा पर्याय बघा.

पहिली भेट

सरकारी ओपीडी सकाळची असते. लवकर पोहोचा, नाहीतर औषधाच्या खिडकीपर्यंत दुपार होते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (अगदी पित्ताची आणि केसगळतीचीसुद्धा), पाण्याची बाटली. केस पेपरच्या रांगेत नाव, वय, पत्ता, मोबाइल. खिडकीवरचा माणूस विचारेल, "काय होतंय?" तिथे मागच्या वीस जणांसमोर कहाणी सांगायची गरज नाही. "मानसोपचार ओपीडी" एवढे दोन शब्द पुरतात. कुणी वळून बघेल. बघू दे, त्यालाही कुठलीतरी रांग आहेच.

बाकावर पेशंट म्हणून आलेली मुलं बऱ्याचदा सोबतच्या मित्राकडे हात करतात, "पेशंट तो आहे." हसू येतं, पण समजूही शकतं. सोबत कोणीतरी न्याच. आत मात्र एकट्याने बोलायचं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. ते सोबतच्याला बाहेर बसवतात.

आत गेल्यावर बहुतेकांचं डोकं कोरं होतं आणि तोंडातून निघतं, "तसं ठीक आहे." म्हणून आदल्या रात्री फोनमध्ये लिहून ठेवा. एका विद्यार्थिनीला आम्ही बसून लिहायला लावलं ते साधारण असं होतं:

"दोन महिने. रात्री अडीच-तीनला झोप, सहाला जाग. जेवण एकवेळ, वजन कमी झालंय. तीन सबमिशन राहिली. गर्दीत धडधडतं, लोकल सोडून बसने येते. दारू नाही. सिगरेट दिवसाला दोन, घरी माहीत नाही. मामाला पूर्वी असंच काहीतरी झालं होतं, गोळ्या चालू होत्या. मरून जावं असं कधी कधी वाटतं, काही केलेलं नाही. थायरॉइड कधी तपासलेलं नाही."

एवढं वाचायला डॉक्टरांना मिनिटही लागलं नाही आणि पुढचे सगळे प्रश्न नेमके आले. कधीपासून, झोप, जेवण, काय अडलंय, नशा, घराण्यात कोणाला, मरणाचे विचार. या क्रमाने लिहिलं की काही सुटत नाही. सिगरेट, गांजा, दारू खरं सांगा. डॉक्टर ओरडायला बसलेला नसतो, औषध ठरवायला त्याला ते लागतं.

काही प्रश्न विचित्र वाटतील. "कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?" "कोणी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटतं का?" "आज वार कुठला?" हे सगळ्यांनाच विचारतात. आपल्याला वेडं समजतायत असा अर्थ काढू नका, नसेल येत तर "नाही" म्हणायचं आणि पुढे. रक्त तपासायला सांगतील: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी थकवा, उदासी, चिडचिड अगदी तशीच दिसते, म्हणून आधी ते बघून घेतात.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? ही गोळी कशासाठी आणि किती दिवस? परत कधी येऊ, आणि मध्ये त्रास वाढला तर कुणाला गाठू? निदान पहिल्याच भेटीत पक्कं होईल असं नाही. चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका.

घरी सांगायचं का

अठरा पूर्ण असतील तर डॉक्टरांकडे जायला घरच्यांची परवानगी लागत नाही. आपली माहिती गुप्त ठेवली जाणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आईने फोन करून विचारलं तरी डॉक्टर आपल्या संमतीशिवाय सांगत नाहीत. अपवाद जिवाला धोका असण्याचा. अठराखाली असाल तर उपचारासाठी पालक लागतात. आणखी एक गोष्ट लहान मुलांना आधीच माहीत असावी: अठराखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं पॉक्सो कायद्याने डॉक्टर-समुपदेशकासकट प्रत्येकावर बंधनकारक आहे. बोलू नका असं मी म्हणत नाही, उलट बोलाच. फक्त पुढे काय होईल ते आधी विचारून घेतलं तर धक्का बसत नाही.

पण परवानगी लागत नाही म्हणून घरापासून लपवावंच असं नाही. गोळ्या महिनोन्महिने चालतात, कपाटात सापडतात, आणि सापडल्यावर होतो तो तमाशा सांगण्यापेक्षा मोठा. घरातल्या सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा. ताई, मामी, आत्या, कधी कधी बाबासुद्धा. जेवताना, टीव्ही चालू असताना नको. "मला डिप्रेशन आहे" अशी सुरुवात केली की घरचे शब्दालाच घाबरतात. त्यापेक्षा, "आई, मला दीड महिना झोप नाहीये, अभ्यास होत नाहीये, डॉक्टरांना दाखवायचंय, तू येशील का?" यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. तिला काहीतरी करायला मिळतं.

"तुला काय कमी केलं आम्ही?" हे येणारच. त्याचा वाद घालू नका. "काही कमी नाही केलंत, म्हणूनच तुला सांगतोय." बाबा म्हणतील मन घट्ट कर, व्यायाम कर, मोबाइल कमी कर. व्यायाम आणि मोबाइल या दोन मुद्द्यांवर त्यांचं बरोबरच आहे, ते मान्य करून टाका, अपॉइंटमेंट मात्र ठेवा. आजी मीठ-मोहऱ्या उतरवू म्हणाली तर उतरवू द्या. पाच मिनिटांचं काम, तिचं समाधान होतं, आणि ते गोळीच्या आड येत नाही. बुवा-बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर मात्र तिथे ठामपणे नाही म्हणायचं.

गोळ्या

उदासी आणि चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्रास आधी येतो: मळमळ, डोकेदुखी, झोप जास्त किंवा कमी. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं इथेच गोळी सोडतात आणि "मला सूट झाली नाही" म्हणतात. हे त्रास बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतात. एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. पंचविशीच्या आतल्या काहींना सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढते, मरणाचे विचार वाढतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना लगेच कळवा.

बरं वाटू लागलं की दुसरा धोका. आपल्या मनाने गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं आणि आजारही उलटतो. कमी करायच्या असतात, पण डॉक्टर सांगतील तशा, टप्प्याने. या गोळ्यांची सवय लागते हा समज ज्या गोळ्यांमुळे पसरला त्या वेगळ्या, झोपेच्या आणि झटपट शांत करणाऱ्या. त्यांची खरंच सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच देतात. रूममेटची अशी गोळी "एकच घेऊन बघ" म्हणून कधी घेऊ नका. गोळ्या चालू असताना दारू नको. मुलींनी पाळी चुकली असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

थेरपी, पैसे आणि बाकीचं थोडक्यात

थेरपीचं एक सेशन पाऊण ते एक तासाचं. पहिल्या एक-दोन भेटीत फक्त बोलणं होतं, हलकं वाटेलच असं नाही. चार-पाच वेळा जाऊनही समोरच्याशी सूर जुळत नसेल तर माणूस बदला, उपचार सोडू नका. आणि समोरचा तुमची जात, कपडे किंवा कोणावर प्रेम करता यावर शेरे मारत असेल तर दुसऱ्या भेटीचीही गरज नाही.

खासगीत जायचं तर फोनवरच विचारा: पहिल्या भेटीचे किती, नंतरचे किती, विद्यार्थ्यांना सवलत आहे का. बरेच जण देतात, फक्त बोर्डावर लिहीत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेचे दर वेगळे, पण नाममात्र. गोळ्या बाहेरून घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचा खर्च बराच कमी येतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, ब्रँडचं नको. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसींत ओपीडीच नसते, त्यामुळे भरती झाल्याशिवाय फार उपयोग होत नाही.

कॉलेजला किंवा ऑफिसला सर्टिफिकेट द्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगा, "आजाराचं नाव न लिहिता चालेल का?" "माझ्या उपचाराखाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक" एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होतं. केटी लागायच्या आधी सर्टिफिकेट आणा. निकाल लागल्यावर आणलेल्या कागदावर आम्हा शिक्षकांनाही फार काही करता येत नाही.

एक प्लॅस्टिकची फाइल करा. चिठ्ठ्या, रिपोर्ट, पुढची तारीख, सगळं त्यात, आणि प्रत्येक चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. डॉक्टर बदलला, पीजी बदललं, कॅम्पसमधून पुण्या-बंगळुरूला नोकरी लागली, तरी नव्या ठिकाणी पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाण्याआधी गोळ्या मोजा. गावच्या मेडिकलमध्ये हे औषध असेलच असं नाही, आणि चिठ्ठीशिवाय ते देणारही नाहीत. सुट्टीपेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या आणि त्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. कोकणात जाणारी गाडी किती तास उशिरा पोहोचेल हे कुणी सांगावं.